मॉनिटर घेण्याआधी घरीच घ्या ग्राफिक्स कार्डाची परीक्षा

मुंबईत कॉम्प्युटरच्या बाजारात, लॅमिंग्टन रोडच्या दुकानात, फोर-के मॉनिटरवर बहुधा समुद्राचा नाहीतर जंगलाचा व्हिडिओ चालू असतो. दिसतो अप्रतिम, पण त्यावरून आपल्या कामाचं काहीच कळत नाही. व्हिडिओ आधीच तयार असतो, गेममधली प्रत्येक फ्रेम, म्हणजे प्रत्येक चित्र, मात्र कार्डाला त्या क्षणी नव्याने रंगवावी लागते. म्हणून ठाण्याहून निघून दादरला गाडी बदलण्याआधी, नव्या रिझोल्यूशनचा, म्हणजे वाढलेल्या पिक्सेलचा, भार तुमचं कार्ड पेलतं का ते घरच्या जुन्या मॉनिटरवरच तपासून घ्या. त्याला एक पैसाही लागत नाही.

आधी कार्ड नेमकं कोणतं आहे ते बघा. विंडोजचा टास्क मॅनेजर उघडून परफॉर्मन्समध्ये जीपीयूवर (म्हणजे ग्राफिक्स कार्डावर) क्लिक केलं की नाव आणि त्याची स्वतःची मेमरी दोन्ही दिसतात. आता भार किती वाढणार ते पाहू. १९२० x १०८० (१०८०पी) म्हणजे सुमारे २१ लाख पिक्सेल, २५६० x १४४० (१४४०पी) म्हणजे सुमारे ३७ लाख आणि फोर-के म्हणजे ३८४० x २१६०, जवळपास ८३ लाख. १०८०पी वरून फोर-केवर जाताना पिक्सेल थेट चौपट होतात.

आता खरी परीक्षा. कार्ड एनव्हिडियाचं असेल तर एनव्हिडिया कंट्रोल पॅनलमध्ये ‘मॅनेज थ्रीडी सेटिंग्ज’मध्ये जा आणि ‘डीएसआर फॅक्टर्स’मध्ये १.७८ व ४ या दोन्हींवर खूण करा. एएमडीचं असेल तर त्याच्या सॉफ्टवेअरमध्ये, म्हणजे अ‍ॅड्रेनलिनमध्ये ‘व्हर्च्युअल सुपर रिझोल्यूशन’ चालू करा. साध्या १०८०पी मॉनिटरवरही आता गेमच्या यादीत १४४०पी दिसू लागेल, आणि एनव्हिडियावर फोर-केसुद्धा. कार्ड चित्र मोठ्या रिझोल्यूशनवर तयार करतं आणि मग ते लहान करून तुमच्या स्क्रीनवर दाखवतं. चित्राचा खरा तपशील यातून कळणार नाही, पण कार्डाची दमछाक अगदी खरी असते. एखाद्या गेममध्ये नवा आकडा दिसला नाही, तर विंडोजच्या डिस्प्ले सेटिंगमध्ये डेस्कटॉपचंच रिझोल्यूशन वाढवा.

तुम्ही रोज खेळता तोच गेम लावा, आणि त्यातलाही सगळ्यात जड भाग निवडा: गर्दीचं शहर, पाऊस, स्फोट. मेनूतले किंवा रिकाम्या गल्लीतले आकडे धरू नका. विंडोज आणि जी ही बटणं एकत्र दाबली की गेम बार उघडतो, त्यात एफपीएस (सेकंदाला किती फ्रेम) आणि जीपीयूचा वापर दिसतो. १०-१५ मिनिटं खेळा. सरासरीपेक्षा आकडा खाली कुठवर घसरतो त्याकडे लक्ष द्या, कारण हाताला झटका तिथेच जाणवतो. कथाप्रधान गेमला ६० च्या आसपास स्थिर राहिला तरी मजा येते. व्हॅलोरंटसारखा नेमबाजीचा गेम हेच तुमचं मुख्य खेळणं असेल तर माझं मत स्पष्ट आहे: १०८०पी घ्या आणि पैसे जास्त हर्ट्‌झवर, म्हणजे मॉनिटर सेकंदाला किती वेळा चित्र बदलतो त्यावर, घाला.

रिझोल्यूशन कमी करूनही एफपीएस वाढत नसेल आणि जीपीयूचा वापर कमीच राहत असेल, तर अडसर बहुधा प्रोसेसरचा आहे. अशा वेळी कार्डाकडे ताकद शिल्लक असते, म्हणून १४४०पीवर गेल्याने फारसं काही गमवावं लागत नाही.

ढोबळ अंदाज हवा असेल तर (आरटीएक्स एनव्हिडियाची कार्डं, आरएक्स एएमडीची) आरटीएक्स ३०६०, ४०६० किंवा आरएक्स ६६०० ला १०८०पी शोभतं. आरटीएक्स ४०७० आणि आरएक्स ७८०० एक्सटी ही १४४०पीची कार्डं. जड गेम फोर-केवर खेळायचे तर आरटीएक्स ४०८० किंवा आरएक्स ७९०० एक्सटीएक्सच्या घरात जावं लागतं. कमी रिझोल्यूशनचं चित्र मोठं करून दाखवणारी डीएलएसएस (एनव्हिडिया), एफएसआर (एएमडी) ही तंत्रं मदत करतात: फोर-केवर ‘क्वालिटी’ निवडलं की गेम आतून १४४०पीवर चालतो. पण ८ जीबी मेमरीच्या कार्डावर फोर-केचा हट्ट धरू नका, टेक्स्चर (वस्तूंच्या पृष्ठभागाचा तपशील) कमी करत बसावं लागेल.

मोठ्या कार्डाचा विचार करत असाल तर विजेचाही करा. ४०६० ची कमाल मर्यादा ११५ वॅट, ४०७० ची २००, ४०९० ची ४५०. ही सगळी वीज शेवटी उष्णता होऊन खोलीतच राहते, आणि ठाण्यातला मे महिना कसा असतो ते वेगळं सांगायला नको.

मग टेपने टेबल मोजा. आपल्या फ्लॅटमध्ये ते बहुतेक पलंग आणि कपाटाच्या मधे बसवलेलं, जेमतेम दोन फूट खोल असतं. इतक्या जवळून १०८०पीला २४ इंच आणि १४४०पीला २७ इंच योग्य. २७ इंचांवर १०८०पी घेतलात तर अक्षरांच्या कडा खरखरीत दिसतील.

घरी आणल्यावर केबल मदरबोर्डात नाही, ग्राफिक्स कार्डात लावा, शक्यतो डिस्प्लेपोर्टची. मग विंडोजच्या ‘अ‍ॅडव्हान्स्ड डिस्प्ले’मध्ये जाऊन रिफ्रेश रेट, म्हणजे तोच हर्ट्झचा आकडा, स्वतः निवडा. १४४ हर्ट्‌झचा मॉनिटरही कित्येकदा ६० वरच सुरू होतो.