सोलापुरात राहून चरित्र भूमिका : नाटक, आकाशवाणी, कॅमेरा

चरित्र अभिनेत्याच्या वाट्याला दोन-तीन प्रसंग येतात. तलाठी, सासरा, हवालदार, मुकादम, जो कोण असेल त्याची ओळख करून द्यायला संहितेत जागा नसते. ती पहिल्या वाक्यात, बोलण्यातूनच झाली पाहिजे. म्हणून तयारी बोलीपासून सुरू करा, आणि त्यासाठी सोलापूरसारखं गाव नाही. पूर्व भागात तेलुगू, अक्कलकोटकडे कन्नड, बाजारात हिंदी-दखनी आणि या सगळ्यांची सरमिसळ झालेली मराठी.

पण नुसतं ‘काय करलालाय बे’ म्हटलं की सोलापूरकर उभा राहत नाही. कन्नड मातृभाषेचा माणूस मराठी बोलताना कुठे घसरतो ते नीट ऐका. कन्नडात निर्जीव वस्तू सगळ्या नपुंसकलिंगी. त्यामुळे त्याची चूक ‘खुर्ची तिथं ठेवला’ अशी, वस्तूंच्या बाबतीत होते. बाई-पुरुषात तो सहसा चुकत नाही. हौशी नट मात्र हमखास ‘बाई आला’ म्हणतात; टाळ्या मिळतात, माणूस खोटा होतो. चार-पाच वाक्यांत एखादी चूक पुरे. हालचालींचंही तसंच. यंत्रमागाच्या खडखडाटात आयुष्य गेलेला कामगार घरातही वरच्या पट्टीत बोलतो आणि समोरच्याच्या ओठांकडे बघतो. सोबत प्रमाण मराठी आणि साधी हिंदी स्वच्छ ठेवा, नाहीतर एकाच साच्यातली कामं येत राहतात.

रोजचा सराव असा. एका मिनिटाचं स्वगत घ्या आणि तीन मापांनी करा. पहिल्यांदा मोकळ्या सभागृहात, ऐकणारा शेवटच्या रांगेत बसवून. दुसऱ्यांदा मोबाइल तोंडापासून वीतभर अंतरावर धरून, फक्त आवाज. तिसऱ्यांदा मोबाइल डोळ्यांच्या उंचीवर, दीड मीटरवर आडवा ठेवून चित्रीकरण. तिन्हींत भावना तीच, तिचं माप वेगळं. रंगमंचावरून आलेल्यांची तिसऱ्या मापात गफलत होते: भुवया प्रत्येक शब्दाला वर जातात, मान हलते, वाक्याचा शेवटचा शब्द शेवटच्या रांगेसाठी ढकलला जातो. कॅमेऱ्यावरून आलेल्यांचं उलट, शेवटचा शब्द गिळला जातो. हुतात्मा स्मृती मंदिरासारख्या मोठ्या सभागृहात तोच पहिल्यांदा हरवतो.

नाटकासाठी आधी एखाद्या स्थानिक संस्थेत शिरा. राज्य नाट्य स्पर्धेची प्रवेशिका संस्थेच्या नावाने जाते. प्राथमिक फेरीतलं अभिनयाचं रौप्यपदक किंवा गुणवत्ता प्रमाणपत्र पुढे परिचयपत्रात कामाला येतं. अतुल कुलकर्णी सोलापूरच्या ‘नाट्य आराधना’तून राष्ट्रीय नाट्य विद्यालयात गेले, ‘हे राम’ आणि ‘चांदनी बार’ या दोन्ही चित्रपटांसाठी त्यांना सहायक अभिनेत्याचा राष्ट्रीय पुरस्कार मिळाला.

नाटकात तिशीतल्याला सत्तरीचा म्हातारा करावाच लागतो. कंबरेत वाकू नका. म्हातारी माणसं वय लपवायला बघतात. बसण्याआधी हात आधार शोधतो, उठताना क्षणभर थांबा पडतो, एवढं पुरतं. मिशी लावताना वरचा ओठ कोरडा पुसून घ्या, स्पिरिट गम (मिशी चिकटवायचा डिंक) थोडा चिकट होऊ द्या आणि मगच दाबा. ओला असताना लावलेली मिशी उन्हाळ्यातल्या प्रयोगात दुसऱ्या अंकापर्यंत घामाने सुटते. आधी फाउंडेशन लावलं असेल तर ती पहिल्याच अंकात सुटते.

आकाशवाणी हा चरित्र अभिनेत्याचा खरा आखाडा, कारण तिथे चेहऱ्याची मदतच नाही. नाट्य ध्वनिचाचणी जाहीर झाली की अर्ज करा. उत्तीर्ण झाल्यावर श्रेणी मिळते. चाचणीत एकाच आवाजात सगळं वाचलं की घात होतो. वय, घाई, थकवा यांतला फरक श्वासातून दाखवा. माइकपुढे ‘प’, ‘फ’, ‘भ’ थेट सोडले तर हवेचा धक्का नोंदला जातो, म्हणून तोंड किंचित तिरकं ठेवा. ओरडायचं असेल तर एक पाऊल मागे जाऊन मान वळवा. कुजबुज करायची तर जवळ या. दुरून येणारं पात्र माइकच्या बाजूने चालत, बोलत जवळ आणतात. संहितेची पिन काढा, पानं सुटी ठेवा, उलटू नका, हळूच बाजूला सरकवा. बांगड्या, किल्ल्या आणि सळसळणारे कपडे बाहेर ठेवून जा. ओझं उचलण्याचं वाक्य असेल तर पोट खरोखर आवळा. आवाजाला ते लपवता येत नाही.

मालिका-चित्रपटांसाठी साधे, अलीकडचे तीन फोटो ठेवा: गुळगुळीत दाढी, मिशी, वाढलेली दाढी. लूक टेस्ट, म्हणजे भूमिकेच्या वेशभूषेची चाचणी, होईपर्यंत केस रंगवू नका. परिचयाच्या व्हिडिओत लेन्समध्ये बघा, प्रसंग करताना लेन्सच्या शेजारी. इथे वयाची सूट मिळत नाही, स्वतःच्या वयाच्या आसपासचंच काम मागा. मास्टर शॉटमध्ये, म्हणजे अख्खा प्रसंग दुरून घेतात त्यात, कुठल्या शब्दाला पेला उचलला ते लक्षात ठेवा. क्लोजमध्ये, म्हणजे जवळून घेतलेल्या शॉटमध्ये, तो दुसऱ्या शब्दाला उचलला तर संकलनात तुमचा क्लोज गळतो आणि नायकाचा राहतो. चरित्र नटाचा क्लोज बहुधा शेवटी, सगळे दमल्यावर लागतो. मास्टरमध्येच सगळं रडून घेऊ नका.

मुंबईच्या ऑडिशनला रात्रीची सिद्धेश्वर एक्स्प्रेस सोयीची. सकाळी पोहोचून संध्याकाळपर्यंत मोकळे होता येतं. पुण्याला सकाळची हुतात्मा एक्स्प्रेस. भूमिकेसाठी ‘नोंदणी फी’ मागणाऱ्याला नमस्कार करून निघा, खऱ्या ऑडिशनला पैसे लागत नाहीत. मालिकेचं मानधन दिवसावर ठरतं आणि सहसा ९० दिवसांनी, टीडीएस कापून येतं. तेव्हा दर, दिवस, प्रवास आणि राहण्याचा खर्च कोणाचा, हे व्हॉट्सअ‍ॅपवर का होईना, लेखी घेतल्याशिवाय तिकीट काढू नका.