दीडशे पीएसची गाडी आणि बेताचं बजेट: रोजच्या वापराचे टायर कसे निवडायचे

फोक्सवॅगन वर्टस जीटी किंवा स्कोडा स्लाव्हिया १.५ टीएसआयसारख्या गाडीत दीडशे पीएस (अश्वशक्तीचं माप) आणि २५० न्यूटन-मीटर टॉर्क पुढच्या दोनच चाकांतून रस्त्यावर उतरतो. वळवायचं काम त्यांचंच, ब्रेकचा मोठा भारही त्यांच्यावरच. त्यामुळे मागचे टायर धडधाकट असतानाच पुढचे गोटा व्हायला येतात, आणि मालक दुकानात पोचतो. तिथे दोन टोकांचे सल्ले ऐकू येतात: 'एवढी पॉवर आहे, स्पोर्ट्स टायरच घाला' किंवा 'हा घ्या, लाखभर किलोमीटर बघायला नको'. दोन्ही बाजूला ठेवा. ऑफिस, सुट्टीत एखादा घाट आणि चार महिने पाऊस एवढाच वापर असेल, तर मूळ साईझचा, योग्य रेटिंगचा, ताज्या बनावटीचा चांगला टूरिंग टायर (रोजच्या प्रवासासाठीचा) पुरेसा आहे. पैसे साईझ आणि दिखाव्यात वाचवायचे, ओल्या रस्त्यावरच्या पकडीत नाही.

साईझ ड्रायव्हरच्या दाराच्या खांबावर किंवा पेट्रोलच्या झाकणाच्या आत चिकटवलेली असते. या गाड्यांना ती २०५/५५ आर १६ आहे. म्हणजे रुंदी २०५ मिलिमीटर, बाजूच्या भिंतीची उंची रुंदीच्या ५५ टक्के, म्हणजे सुमारे ११३ मिलिमीटर, आणि रिम १६ इंची. भिंत दोनदा धरून रिमचे ४०६ मिलिमीटर मिळवले की चाकाचा व्यास ६३२ मिलिमीटर येतो. दुसरी कुठलीही साईझ सुचवली गेली की हाच हिशेब तिथल्या तिथे मोबाईलवर करावा.

२१५/५५ आर १६ चा व्यास ६४३ येतो, म्हणजे पावणेदोन टक्के जास्त. गाडी साडेपाच मिलिमीटर उचलली जाते, पिकअप किंचित मंदावतो आणि त्याच वेगाला स्पीडोमीटर आधीपेक्षा थोडा कमी दाखवायला लागतो. चालून जातं, पण जादा पैसे मोजावेत असं हाती काही लागत नाही. २०५/६० आर १६ तीन टक्क्यांहून जास्त मोठा पडतो, तो नकोच. २२५/५० आर १६ चा व्यास जवळपास मूळएवढाच आहे, म्हणून दुकानदाराला तो फार आवडतो. पण रुंद टायर साचलेल्या पाण्यावर लवकर तरंगतो, जड असतो आणि मायलेज खातो. १७ इंची रिम घेऊन २२५/४५ घातला, तर भिंत १०१ मिलिमीटरवर येते. हे गेलेले १२ मिलिमीटर पहिल्या खोल खड्ड्यात आठवतात: भिंतीला फुगा, रिमला बाक, आणि खर्च दोन्हींचा. वॉरंटी किंवा विम्याच्या वेळी बदललेल्या साईझवरून वाद होऊ शकतो, तो वेगळाच.

साईझनंतर जो आकडा आणि अक्षर असतं, उदाहरणार्थ ९१ व्ही, ते टायरचं रेटिंग. तिथे तडजोड करू नये. ९१ हा भाराचा निर्देशांक: एका टायरला ६१५ किलो. ८८ म्हणजे ५६०, ९४ म्हणजे ६७०. अक्षर वेगाचं: टी १९०, एच २१०, व्ही २४०, डब्ल्यू २७० किलोमीटर प्रतितास. 'आपण कुठे दोनशेने जातो?' हा प्रश्न रास्त आहे, पण अक्षर फक्त वेगमर्यादा सांगत नाही. वरच्या रेटिंगचा टायर जास्त उष्णता सहन करायला बांधलेला असतो, आणि सहसा त्याचा सांगाडा वळणात कमी मुरडतो. एप्रिल-मेच्या उन्हात समृद्धीच्या काँक्रीटवर गाडी भरून, १२० च्या मर्यादेत दोन तास चालवली की हीच उष्णता कामाची ठरते. स्टिकरवर जे रेटिंग आहे त्याच्या खाली जाऊ नका. वर गेलं तर हरकत नाही. एक्सएल लिहिलेला टायर जास्त भार पेलतो आणि खड्ड्यात थोडा टणक निघतो, पण बसायला कडक लागतो.

आता खरा निवडीचा भाग: रबर. लाखभर किलोमीटर टिकवायचं तर रबर कडक लागतं. कोरड्या रस्त्यावर फारसं जाणवत नाही. पहिल्या पावसात, तेल आणि धूळ वर आलेल्या डांबरावर, दुसऱ्या गिअरमध्ये जरा पाय दिला की पुढची चाकं फिरायला लागतात आणि ट्रॅक्शन कंट्रोलचा दिवा लुकलुकत राहतो. उलट टोकाचा मऊ स्पोर्ट्स टायर छान चिकटतो, पण अशा पुढच्या चाकांवर भराभर घासतो. मधली जागा टूरिंग टायरांची. परवडणाऱ्या गटात अपोलो अल्नॅक ४जी, सिएट सेक्युराड्राइव्ह, जेके यूएक्स रॉयल, गुडइयर अ‍ॅश्युरन्स ट्रिपलमॅक्स. एक पायरी वर योकोहामा ब्लूअर्थ जीटी, मिशलिन प्रायमसी ४ एसटी, काँटिनेंटल अल्ट्राकाँटॅक्ट यूसी६. एकाच नावाचा टायर एका साईझमध्ये एच आणि दुसऱ्यात व्ही असू शकतो, म्हणून नावावर न जाता भिंत वाचा.

काही टायरांवर ट्रेडवेअरचा (टायर किती सावकाश झिजतो त्याचा) आकडा आणि ट्रॅक्शनची (पकडीची) श्रेणी असते. ट्रॅक्शन डबल ए किंवा ए असावी. ती ओल्या पृष्ठभागावर सरळ ब्रेक लावून ठरते. ट्रेडवेअर कंपनी स्वतःच जाहीर करते, त्यामुळे तो एकाच कंपनीच्या दोन टायरांत तुलना करण्यापुरता उपयोगी. ३०० ते ५०० मध्ये असेल तर रोजच्या वापराला ठीक.

स्वस्त-महाग ठरवताना किंमत किलोमीटरवर मोडा. समजा ७,००० चा टायर ४०,००० किलोमीटर जातो आणि ९,५०० चा ५५,०००. चार टायरांचा खर्च पहिल्यात किलोमीटरला ७० पैसे, दुसऱ्यात ६९. अशा वेळी पावसात चांगला थांबणाराच स्वस्त. दर विचारताना फिटिंग, बॅलन्सिंग, नवा वॉल्व्ह आणि जुन्या टायरांचा एक्सचेंज धरून एकच आकडा मागा. सप्टेंबर २०२५ मध्ये टायरवरचा जीएसटी २८ वरून १८ टक्क्यांवर आला, त्यामुळे त्याआधीचे इंटरनेटवरचे भाव धरून घासाघीस करू नका.

दुकानात पैसे देण्याआधी भिंतीवरचे चार अंकी आकडे बघा. १२२५ म्हणजे २०२५ सालचा बारावा आठवडा. सहा महिन्यांच्या आतला उत्तम, वर्षाच्या वरचा असेल तर दुसरा मागा किंवा सवलत घ्या. चारही टायरांवर तपासा. तीन ताजे आणि चौथा जुना असं निघतं. आयएसआयची खूण नसलेला टायर कितीही स्वस्त असो, घेऊ नये.

दोनच टायर बदलायचे असतील तर एकाच अ‍ॅक्सलवर एकाच मॉडेलची जोडी हवी, आणि नवी जोडी मागे. पुढचे टायर जास्त काम करतात, मग नवे पुढे का नाहीत? कारण पाण्यावर पुढची चाकं सुटली तर गाडी सरळ जाते आणि पाय काढला की बहुधा परत ताब्यात येते. मागची सुटली तर गाडी फिरते, आणि घाटात तिला सावरायला जागा नसते. अर्थात पुढे सरकवलेल्या जुन्या जोडीतही नक्षी हवी. टायर संपल्याचं सांगणारी खाचेतल्या उंचवट्यांची खूण १.६ मिलिमीटरची असते, पण पावसाळ्यात शिरताना नक्षी ३ मिलिमीटर तरी खोल असावी.

बसवताना टायरवर 'आउटसाइड' असेल तर ती बाजू बाहेर, बाण असेल तर तो पुढे फिरण्याच्या दिशेने. घाईत हे उलटं होतं आणि गाडी पाण्यात विचित्र वागायला लागली की मगच कळतं. टायरवरचा पिवळा ठिपका वॉल्व्हपाशी ठेवला तर बॅलन्सिंगला शिसं कमी लागतं. बोल्ट इम्पॅक्ट गनने शेवटपर्यंत आवळू देऊ नका. टॉर्क रेंचने (ठरावीक जोराने आवळणाऱ्या पान्याने) मॅन्युअलमधल्या आकड्याला आवळून घ्या आणि शंभरेक किलोमीटरनंतर पुन्हा तपासा. अलाइनमेंट त्याच दिवशी करावी. टो (चाकांचा आत-बाहेरचा कोन) बिघडलेला असेल तर नवा टायर काही हजार किलोमीटरांतच एका कडेने खाल्ला जातो, आणि दोष टायरला मिळतो.

हवा स्टिकरवरच्या आकड्याइतकी, गाडी थंड असताना. साध्या हवेतच ७८ टक्के नायट्रोजन असतो. फुकट मिळत असेल तर भरा, नसेल तर तेच पैसे दर पंधरा दिवसांनी हवा तपासण्याच्या सवयीत घाला. चाकाच्या फिरण्यावरून कमी हवा ओळखणारी यंत्रणा असेल तर टायर बदलल्यावर ती नव्याने सेट करावी लागते, नाहीतर जुन्याच व्यासावर इशारे देते.

पहिले तीनशे किलोमीटर जोरात वळणं आणि कडक ब्रेक टाळा, कारण साच्यातून निघालेल्या टायरवर बुळबुळीत थर असतो. त्यानंतर दर ८,००० ते १०,००० किलोमीटरला पुढचे-मागचे अदलाबदल करा. बाणवाले टायर त्याच बाजूला ठेवून.