नाशिकच्या पावसात घरबसल्या विश्वाच्या सुरुवातीच्या गॅलेक्सी कशा शोधायच्या

आषाढ लागला की गंगापूर धरणाकडे टेलिस्कोप घेऊन जायचा विषयच संपतो, ढग हटतच नाहीत. आणि खरं सांगायचं तर विश्व तीसेक कोटी वर्षांचं असतानाच्या गॅलेक्सी आपल्या टेलिस्कोपमध्ये कितीही स्वच्छ रात्री दिसणार नाहीत. पण जेम्स वेब या अवकाशातल्या टेलिस्कोपचा बराचसा डेटा मास्ट नावाच्या आर्काइव्हवर फुकट मिळतो. पुण्याच्या एनसीआरए या रेडिओ खगोलशास्त्राच्या संस्थेतल्या संशोधकांनी २०२५ मध्ये वेबच्याच डेटातून अलकनंदा ही लांबची सर्पिल गॅलेक्सी शोधून दाखवली, त्यामुळे इथे बसून काय होणार असं अजिबात मनात आणू नका.

जेड्स या वेबने केलेल्या लांबच्या गॅलेक्सींच्या सर्व्हेच्या इमेज उतरवा, फाइली जीबींमध्ये असतात म्हणून रात्री डाउनलोडला लावून झोपा. डीएस९ हे इमेज बघायचं सॉफ्टवेअरही फुकट आहे. त्यात एकाच भागाच्या एफ११५डब्ल्यू, एफ१५०डब्ल्यू, एफ२००डब्ल्यू आणि एफ२७७डब्ल्यू या चार फिल्टरच्या फ्रेम उघडा (नावातला आकडा म्हणजे तरंगलांबी, ११५ म्हणजे साधारण १.१५ मायक्रॉन), डब्ल्यूसीएसने, म्हणजे आकाशातल्या कोऑर्डिनेटने मॅच करा म्हणजे तोच ठिपका चारही ठिकाणी एकाच जागी येतो, आणि मग ब्लिंक करा, म्हणजे फ्रेम एकापाठोपाठ एक आलटून पालटून बघा.

आता मेन गोष्ट, ठिपका कुठे दिसतो यापेक्षा कुठे दिसत नाही ते बघायचं. त्या काळात सगळीकडे न्यूट्रल हायड्रोजन होता, तो ०.१२१६ मायक्रॉनपेक्षा छोट्या तरंगलांबीचा प्रकाश गिळून टाकतो, आणि विश्व पसरल्यामुळे ही कट-ऑफची जागा आपल्यापर्यंत येताना ताणली जाते. रेडशिफ्टमध्ये (प्रकाश किती ताणला गेला ते सांगणारा आकडा, जितका मोठा तितकी गॅलेक्सी लांबची) १ मिळवा आणि ०.१२१६ ने गुणा, बस. रेडशिफ्ट १० असेल तर १.३४ मायक्रॉन, म्हणजे एफ११५डब्ल्यूमध्ये काहीच नाही आणि एफ१५०डब्ल्यूपासून पुढे ठिपका हजर.

हात बसायला आधी माहीत असलेली गॅलेक्सी शोधा, जेड्स-जीएस-झेड१४-०. एफ१५०डब्ल्यूमध्ये गायब, एफ२००डब्ल्यूमध्ये उगवते, आणि अगदी चिकटून दुसरी जवळची गॅलेक्सी आहे. हे पहिल्यांदा ब्लिंक करून पाहिलं तेव्हा मी कितीतरी वेळ स्क्रीनसमोरून उठलोच नाही.

फसायला मात्र खूप होतं. माझा पहिला शोध इमेजच्या कडेला होता, तिथे त्या फिल्टरचा डेटाच नव्हता, म्हणून कव्हरेज आधी तपासा. खराब पिक्सेल आणि ताऱ्यांभोवती दिसणारे प्रकाशाचे काटे सोडून द्या. ब्राउन ड्वार्फ (ताऱ्यांपेक्षा छोटे, थंड गोळे) आणि धुळीने लाल झालेल्या जवळच्या गॅलेक्सी तर अगदी तशाच दिसतात. सीईईआरएस-९३३१६ या गॅलेक्सीला सुरुवातीला रेडशिफ्ट १६ च्या आसपास धरलं होतं, स्पेक्ट्रम घेतला, म्हणजे प्रकाश तरंगलांबीनुसार पसरवून पाहिला, तर ४.९ निघाला!

म्हणून ठिपका सापडला की कोऑर्डिनेट वहीत लिहा आणि आर्काइव्हमध्ये त्या जागेचा वेबच्या निअरस्पेक या उपकरणाने घेतलेला स्पेक्ट्रम आहे का ते बघा, नसेल तर तो अजून फक्त उमेदवार.