उडाची शेंग वापरायची कशी: पेपर सूपपासून तूबा कॉफीपर्यंत

आफ्रिकन किराणा दुकानातून काळपट, सुरकुतलेल्या, बोटाच्या दोन पेरांएवढ्या शेंगांचं पाकीट आणलं असेल तर आधी एक शेंग मोडा आणि नाकाशी धरा. मिरी, जायफळ आणि मागून हलकासा धूर, असा वास येतो. धूर येतो कारण बऱ्याच ठिकाणी या शेंगा धुरावर वाळवतात, आपल्या मसाला वेलदोड्यासारख्याच.

नायजेरियात इग्बो लोक हिला उडा म्हणतात, घानात ह्वेन्तिया, सेनेगलमध्ये जार, आणि इंग्रजी पाकिटावर ग्रेन्स ऑफ सेलिम लिहिलेलं असतं. शास्त्रीय नाव झायलोपिया एथिओपिका, पण नावात इथिओपिया असलं तरी झाड मुख्यतः पश्चिम आणि मध्य आफ्रिकेच्या दमट जंगलातलं, आणि कुळ कुठलं तर आपल्या सीताफळाचं! मला हे कळलं तेव्हा खूप आनंद झाला होता.

आता सगळ्यात महत्त्वाचं. वेलदोडा म्हटलं की साल बाजूला आणि दाणे घ्यायचे ही आपल्या हाताची सवय, इथे बरोब्बर उलटं आहे, वास सगळा सालीत असतो आणि दाणे कडू. नायजेरियात लागोसला नवीन असताना मी दाणे काढून मिक्सरला लावले होते, अख्खं पातेलं कडू झालं, तेव्हा शेजारच्या इग्बो आंटींनी एक शेंग घेतली, खलबत्त्यात दोनदा हलकेच ठेचली, दाणे झटकून टाकले आणि साल तेवढी उकळत्या पाण्यात सोडली. तेव्हापासून मी तसंच करते.

पेपर सूप म्हणजे तिकडचं तिखट, पातळ रश्शाचं सूप, त्यासाठी अर्धा किलो बकऱ्याचं मटण हाडासकट, चिरलेला कांदा, मीठ आणि साधारण सव्वा लिटर पाणी घेऊन मंद आचेवर ठेवायचं, मटण अर्धं शिजलं की 2 ठेचलेल्या शेंगा टाकायच्या, तिखट मिरची वाटून घालायची आणि मिळालं तर एहुरू, म्हणजे तिकडचं जायफळासारखं बी (हेही सीताफळाच्याच कुळातलं बरं का), 2 बिया कोरड्या भाजून, सोलून, किसून. फोडणी नाही, तेल नाही, रस्सा पातळच हवा. शेवटी सेंट लीफ चिरून टाकतात आणि ती म्हणजे चक्क आपली रामतुळस, त्यामुळे कुंडीत असेल तर दुसरं काही शोधू नका. वाढायच्या आधी शेंगा काढून टाका, दाताखाली आल्या तर मजा जाते. 2 च्या वर शेंगा घालू नका, औषधासारखं लागतं.

इग्बो घरात मुलगी बाळंत झाली की तिची आई राहायला येते, त्याला ओमुग्वो म्हणतात, आणि ती उडा घातलेलं याम नावाच्या कंदाचं गरम, तिखट सूप रोज करून घालते. आपल्याकडे जसे डिंकाचे लाडू नि अळिवाची खीर, तसंच. पण हे बाळंतपणानंतर हं, गरोदर असताना तिथल्या बायकाही उडा टाळायला सांगतात, तेव्हा तुम्हीही टाळा.

सेनेगलमध्ये मात्र हीच शेंग कॉफीत जाते, तीच तूबा कॉफी. तूबा हे मुरीद सूफी पंथाचं शहर, 1887 मध्ये शेख अमादू बांबांनी वसवलेलं, फ्रेंचांनी त्यांना 1895 मध्ये गॅबनला हद्दपार केलं, 1902 मध्ये ते परत आले आणि ही कॉफी त्यांनीच आणली असं तिथे मानतात. आज राजधानी डाकारच्या रस्त्यांवर छोट्या कपातून सगळेच पितात.

घरी करायची तर 100 ग्रॅम कॉफीच्या कच्च्या बिया कढईत सतत हलवत भाजा, रंग गडद व्हायला लागला की 10 ग्रॅम शेंगा मोडून त्यात टाका, दोनेक मिनिटांत उतरवा, गार करून रवाळ दळा. इथे दाणे वेगळे काढत बसू नका, कॉफीच्या कडूपणात ते खपून जातात. चिकोरी अजिबात नको. फडक्यातून किंवा फिल्टरमधून गाळून भरपूर साखर घाला आणि दूध न घालता, एका कपातून दुसऱ्या कपात उंचावरून चार-पाच वेळा ओता, फेस येईपर्यंत.