फिट आल्यावर कपड्यात लघवी होणं, या चुका टाळा

माझ्या भावाला पहिली फिट आली तेव्हा तो ओट्याजवळ पडला, हातपाय झटकत होते, पण पँट कोरडी होती, म्हणून घरातल्या मोठ्यांनी ठरवून टाकलं की ही आकडी नाही, चक्कर आहे, आणि आमचे पाच महिने वाया गेले. ही सगळ्यात मोठी चूक. लघवी झाली म्हणजे फिटच आणि नाही झाली म्हणजे फिट नाही, असं काही नसतं. उन्हात उभं राहून साधी चक्कर आली तरी काहींना लघवी होते.

होतं काय, मोठ्या फिटमध्ये अंग ताठ होतं, मग झटके येतात, आणि झटके संपता संपता लघवी धरून ठेवणारा स्नायू सैल पडतो. तेव्हा लघवीची पिशवी भरलेली असेल तर कपडे ओले, रिकामी असेल तर नाही. म्हणून एकाच माणसाला एकदा होते, एकदा नाही. नुसतं टक लावून बघण्याच्या छोट्या फिटमध्ये तर बऱ्याच जणांना होतच नाही, पण काहींना होते.

दुसरी चूक आम्ही झोपेच्या बाबतीत केली. सकाळी गादी ओली, आई म्हणायची रात्री पाणी जास्त पितोस. उशीच्या अभ्र्यावर रक्ताचा छोटासा डाग होता, त्याकडे कोणी बघितलंच नाही. डॉक्टरांनी पहिल्यांदा जीभच बघितली, कडेला चावलेली होती. मोठ्या माणसाची गादी अचानक ओली व्हायला लागली, जीभ दुखते, अंग ठणकतं, तर रात्री झोपेत फिट येत असेल, न्यूरोलॉजिस्टला, म्हणजे मेंदूच्या डॉक्टरांना दाखवाच.

पाणी तोडू नका, झोपायच्या आधी बाथरूमला पाठवा. सोडियम व्हॅलप्रोएट या फिटच्या गोळीवर काही मुलं गादी ओली करतात, ते डॉक्टरांना सांगा, पण गोळी मनाने बंद करू नका, अचानक बंद केली की फिट वाढतात.

आणि फिट चालू असताना कपडे बदलायची घाई नको. कांदा, चप्पल, तोंडात चमचा तर अजिबातच नको. कुशीवर वळवा, वेळ बघा, ५ मिनिटांच्या वर गेली तर १०८ ला फोन. थांबली की कमरेवर चादर टाका आणि जमलेल्यांना बाहेर काढा. भाऊ शुद्धीवर आला की सगळ्यात आधी हाताने पँट चाचपायचा, मग आमच्या तोंडाकडे बघायचा.