रॉकसाठी कोणता हेडफोन, रोजच्यासाठी कोणता? आवाज असा ताडून पाहा

जळगावच्या गोलाणी मार्केटमध्ये उभ्याउभ्या दोन हेडफोन कानाला लावले, तर ज्याचा बास जास्त दणकतो तोच भारी वाटतो. गलक्यात खालचे सूर आधी बुडतात, त्यामुळे फुगवलेला बास तिथे खपून जातो. घरी शांततेत मात्र तोच हेडफोन गिटार आणि गायकाला मागच्या खोलीत ढकलतो. रॉकचा जीव नेमका याच मधल्या सुरांत असतो, म्हणून दुकानातल्या दोन मिनिटांवर निवड करू नका.

आधी जागा. मे महिन्यात खानदेशात कूलरशिवाय बसवत नाही, पण त्याची घरघर नेमका बासच खाते. दहा मिनिटं कूलर बंद ठेवा, नाहीतर पहाटे ऐका. फोनमधला इक्वलायझर (सुरांचे वेगवेगळे भाग कमी-जास्त करणारी सोय), हेडफोनच्या ॲपमधला ‘बास बूस्ट’ आणि नॉइज कॅन्सलिंग (बाहेरचा गोंगाट दाबणारी सोय) बंद करा. नॉइज कॅन्सलिंग चालू-बंद केल्यावर बऱ्याच हेडफोनचा आवाजच बदलतो.

मग बसवणूक. इअरफोनची रबरी टीप कानात नीट बसली नाही, की बास गायब होतो आणि दोष हेडफोनला जातो. बॉक्समधल्या तिन्ही मापांच्या टिपा लावून पाहा; दोन कानांना वेगळी मापं लागणंही नेहमीचंच. मोठ्या हेडफोनमध्ये चष्म्याची दांडी गादीखाली फट पाडते, तिथूनही बास गळतो.

आता सगळ्यात महत्त्वाचं आणि सगळ्यात जास्त टाळलं जाणारं काम: दोन्हींचा आवाज सारखा करणं. एखाद-दोन डेसिबलने मोठा असलेला हेडफोन कानाला ‘मोठा’ नाही, ‘चांगला’ वाटतो. पुठ्ठ्याला बोटाएवढं भोक पाडा, एका बाजूने हेडफोनची वाटी घट्ट दाबा आणि दुसऱ्या बाजूने भोकावर दुसऱ्या फोनचा माइक धरा. पहिल्या फोनवर ‘पिंक नॉइज’ (धबधब्यासारखा एकसलग आवाज) लावा, दुसऱ्यावर आवाज मोजणारं ॲप. ॲपचा आकडा खरा नसला तरी चालेल, दोन्हींचा सारखा आला की झालं. फोनच्या बटणाने जमलं नाही, तर प्लेयरमधल्या प्रीॲम्पने (एकूण आवाज कमी-जास्त करणारी पट्टी) बारीक फरक करा. इअरफोनसाठी ही युक्ती चालत नाही. तिथे बोलण्याचा आवाज लावून अंदाजानेच जुळवावं लागतं.

तुलना रोज ऐकता त्याच आवाजावर करा. हळू आवाजात कानाला बास आणि ट्रेबल (वरचे बारीक सूर) कमी ऐकू येतात, म्हणून ‘व्ही’ आकाराचा हेडफोन (बास-ट्रेबल वर, मध्य दबलेला) तेव्हा गोड लागतो आणि आवाज वाढवला की डोकं उठवतो.

रॉकचा एकच तुकडा दोन्हींवर वीस-तीस सेकंद आलटून पालटून लावा आणि दर वेळी एकाच वाद्यामागे जा. गिटारची सर्वात जाड तार 82 हर्ट्झची (सेकंदाला 82 कंपनं), बास गिटारची 41. पण गिटारचा चावा 2 ते 4 किलोहर्ट्झमध्ये असतो. तळहाताने तारा दाबून वाजवलेला ‘झुंग-झुंग’ ऐका: प्रत्येक झटका सुटा हवा. ते एकमेकांत चिकटून गोळा झाले, तर 100 ते 250 हर्ट्झचा भाग फुगलाय. पुढे किक ड्रमचा ठोका आणि बास गिटार वेगवेगळे ओळखू येतात का ते बघा. शेवटी झांजा: धातूचा ‘झण्ण’ ऐकू यावा, नुसता ‘स्स’ आला तर वरचा भाग कृत्रिमपणे टोकदार केलाय. 1970 च्या दशकातल्या अनेक ध्वनिमुद्रणांत बास मुळातच हलका असतो, त्यामुळे एक जुनं आणि एक नवं गाणं घ्या.

रोजच्या ऐकण्याची परीक्षा वेगळी. मराठी बातम्यांत ‘स’, ‘श’, ‘च’ कानाला टोचतात का? अहिराणी गाण्यातली सनई पाच मिनिटं सहन होते का? 3 किलोहर्ट्झच्या आसपास उंचवटा असलेला हेडफोन गिटारला धार देतो, पण सनईला तोच किंचाळायला लावतो. दोन्ही ऐकायचं असेल, तर सपाटाच्या जवळचा, बास किंचित वर असलेला आवाज सोयीचा.

निवड झाल्यावर, गिटार मागे पडलेल्या हेडफोनवर इक्वलायझरमध्ये 200 हर्ट्झ 3 डेसिबलने खाली आणा, बहुतेक वेळा तेवढंच पुरतं. मधला भाग वाढवायचाच असेल, तर जितकं वाढवाल तितका प्रीॲम्प खाली घ्या, नाहीतर मोठ्या ठोक्याला आवाज फाटतो.