बाल न्याय मंडळाने मुलाला चोरीत दोषी ठरवलं आणि तो निकाल मान्य नसेल तर

आदेशाच्या तारखेपासून 30 दिवसांत बाल न्यायालयात अपील करता येतं. उशीर झालाच, तर सबळ कारण पुराव्यासह मांडावं लागतं. म्हणून प्रमाणित नकलेचा अर्ज निकालादिवशीच टाका. वकील परवडत नसेल तर जिल्हा कायदा सेवा प्राधिकरणाकडून मोफत मिळतो.

बेळगाव, खानापूर, निपाणीकडे एक मुद्दा हमखास सुटतो. मुलाला कन्नड कळत नसेल, तर दुभाषी देणं मंडळाचं काम आहे. दिला नसेल, तर ते अपिलात ठळक लिहा. वयाचा वाद असेल, तर आधार कार्डापेक्षा शाळेचा जन्मतारखेचा दाखला वजनदार. बाल न्यायालयाने, म्हणजे सत्र न्यायालयाने, अपिलात दिलेल्या निकालावर दुसरं अपील नाही. उच्च न्यायालयात, म्हणजे धारवाड खंडपीठात, फेरतपासणी (रिव्हिजन) अर्ज करावा लागतो.